मदत हवी आहे: केकच्या कमाईतून मुलींसाठी काही करायचंय

नमस्कार मंडळी. माझी भाची नाशिकला घरूनच बेकिंग करते. तिच्या नाचणी-गुळाच्या केकचा व्हिडिओ अचानक खूप चालला. आता पहाटे चारलाच ओव्हन तापतो. यातून झालेलं नाव देहव्यापारातून सोडवलेल्या मुलींच्या कामी यावं, असा तिचा ध्यास आहे. कामाठीपुऱ्यात १९८८ पासून मुलांसाठी रात्रीचं पाळणाघर चालवणारी 'प्रेरणा' आणि नगरचं 'स्नेहालय' या संस्था आम्हाला ठाऊक आहेत. देणगी तर देऊच, पण भाचीला या मुलींना बेकिंग शिकवायचंय. अल्पवयीन मुलींची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्यानं गुन्हा आहे, त्यामुळे फोटो नाहीतच. तिलाही असे फोटो टाकणं पटत नाही. अशा ठिकाणी कुणी शिकवलंय का? आधी कुणाशी बोलावं? ओव्हन देणं बरं, की शिकणाऱ्या मुलींना विद्यावेतन?