इस्तंबूलला पाठवण्याआधी
ताई, बावीस वर्षांच्या भाच्याला टकलावर केस लावून घ्यायला (हेअर ट्रान्सप्लांट) लातूरहून इस्तंबूलला पाठवू का, पॅकेजात हॉटेलही आहे, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐका, पाठवू नका. हॉटेलचं सोडा, डोक्याला हात कोण लावणार ते विचारा. तिकडच्या कित्येक स्वस्त क्लिनिकांत डॉक्टर तोंड दाखवून जातात, सगळं काम तंत्रज्ञ करतात. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस काढून पुढे लावतात, आणि ते मोजकेच असतात; तिथून जास्त काढले की ती जागा कायमची विरळ होते. लावलेले केसही आधी गळतात, खरा निकाल कळायला वर्ष जातं. मधेच पू झाला तर दाखवायचं कुणाला? आपल्याकडे २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, हे काम प्रशिक्षित डॉक्टरनेच करावं, असं बजावलंय. संभाजीनगरला चांगल्या त्वचारोगतज्ज्ञाला आधी दाखवा. या वयात टक्कल अजून वाढणार असतं, बहुतेक तो औषधंच देईल.