मे महिन्याचं बिल ५३८ युनिट: दोष एसीचा, कूलरचा की मीटरचा? (नागपूर, वरचा मजला)

टॉपफ्लोअर_नागपूर

तीन मजली इमारतीत सगळ्यात वरचा फ्लॅट, दोन बेडरूम आणि हॉल. महावितरणचं घरगुती सिंगल फेज कनेक्शन. युनिट असे आले:

फेब्रुवारी (२८ दिवस): १६८
एप्रिल (३० दिवस): ४३१
मे (३३ दिवस): ५३८

घरात दीड टनाचा जुना ३ स्टार स्प्लिट एसी आहे (इन्व्हर्टर एसी नाही), रात्री ११ ते सकाळी ६, २२ वर. हॉलच्या खिडकीत पत्र्याचा कूलर, दिवसभरात साधारण १० तास. साधे पंखे ४, फ्रीज २६० लिटरचा, लाईट गेली की चालणारा बॅटरीचा इन्व्हर्टर. गीझर मार्चपासून बंद.

विचारायचं ते हे: ५०० च्या वर गेल्यामुळे सगळीच युनिटं महागड्या दराने लागली का? मीटर पळतोय अशी शंका आहे, घरच्या घरी तपासता येतं का? एसी काढून ५ स्टार घेतला तर पैसे वसूल होतील का? आणि सुरक्षा ठेवीचं एक वेगळं बिल आलंय, ते काय प्रकरण आहे?

बिलाचा_हिशेब

आधी दिवसांनी भागा, मग घाबरा. फेब्रुवारी रोज ६ युनिट, एप्रिल १४.४, मे १६.३. मे चं बिल एवढं फुगलेलं दिसतंय त्यात तीन दिवस जास्तीचे आहेत.

टप्प्यांबद्दलचा तुमचा समज चुकीचा आहे, आणि तो फार जणांचा असतो. १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर, असे टप्पे आहेत. पहिली १०० युनिटं कायम पहिल्याच दराने लागतात, तुम्ही ८०० जाळली तरी. वरच्या टप्प्याचा दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटांना. शिवाय बिल ३० पेक्षा जास्त दिवसांचं असेल तर टप्प्याची मर्यादाही त्या प्रमाणात वाढते: ३३ दिवसांना ५०० ऐवजी साधारण ५५०. म्हणजे तुम्ही बहुधा शेवटच्या टप्प्यात गेलेलाच नाहीत. बिलावर टप्पेवार फोड असते, ती बघा.

याचा दुसरा अर्थ जास्त कामाचा आहे. तुम्ही जे युनिट वाचवाल ते नेहमी सगळ्यात वरून, महागड्या टोकाकडून वाचतं. म्हणून बचतीचा हिशेब सरासरी दराने करू नका. तुमच्या वरच्या टप्प्याचा वीज आकार, त्यात वहन आकार आणि इंधन समायोजन आकार मिळवा, त्यावर १६ टक्के वीज शुल्क चढवा. वाचलेल्या एका युनिटची खरी किंमत ती. स्थिर आकार यात धरायचा नाही, तो युनिटं कमी करून कमी होत नाही.

सुरक्षा ठेव म्हणजे दंड नाही. मागच्या वर्षभराच्या सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट रक्कम ठेव म्हणून लागते. वापर वाढला की फरकाचं वेगळं बिल येतं, ते उन्हाळ्यातच येत असल्यामुळे लोक त्याला चालू बिलात मिळवून डोक्याला हात लावतात. त्यावर व्याज मिळतं, बिलातून वळतं होतं.

आणखी एक: बिलावरचं चालू रीडिंग आणि मीटरवरचं रीडिंग ताडून पाहा. रीडिंगच्या जागी शेरा असेल आणि सरासरी युनिटं लावलेली असतील तर ही सगळी चर्चाच फोल.

वायरमन_वऱ्हाडी

भाऊ, मीटरची तपासणी दहा मिनिटांची आहे. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो, शेजारी imp/kWh असं लिहून आकडा दिलेला असतो, बहुतेक ३२०० किंवा १६००. म्हणजे ३२०० लुकलुकी झाल्या की एक युनिट.

३२०० वाल्या मीटरचं सूत्र: १० लुकलुकींना किती सेकंद लागले ते मोबाईलवर मोजा, ११२५० ला त्या सेकंदांनी भागा, उत्तर वॅटमध्ये. १६०० असेल तर २२५०० ला भागा.

पहिली पायरी: फ्रीज, टीव्ही, राऊटर, इन्व्हर्टर सगळं तसंच ठेवून फक्त दिवे, पंखे, एसी, कूलर बंद करा आणि मोजा. दुसरी: एकेक एमसीबी (बोर्डातला त्या-त्या लाईनचा खटका) पाडत जा, प्रत्येक वेळी मोजा. तिसरी: मेन स्विच बंद. आता दिवा पूर्ण थांबायला पाहिजे. मेन बंद असूनही लुकलुकत असेल तर मीटर आणि मेनच्या मधल्या वायरिंगमधून कोणीतरी किंवा काहीतरी वीज घेतंय, किंवा मीटरच बिघडलाय. मग अर्ज करून मीटर तपासून घ्या. स्वतः मीटरची पेटी उघडायची नाही, सील तुटलं तर उलटं तुमच्यावर येईल.

मीटर बरोबर मोजतो का हे पाहायला गीझर कामाचा. बाकी सगळं बंद, २००० वॅटचा गीझर चालू: ३२०० वाल्या मीटरवर १० लुकलुकी साडेपाच-सहा सेकंदांत व्हायला हव्यात. व्होल्टेज कमी असेल तर थोडा जास्त वेळ लागेल, ते ठीक. चार सेकंदांत झाल्या तर शंकेला जागा आहे.

मीटरवर ई/एल असा वेगळा दिवा असतो. तो सतत पेटलेला असेल तर करंट न्यूट्रलने परत न जाता अर्थिंगने जातोय. जुन्या इमारतीत शेजाऱ्याचा न्यूट्रल तुमच्यात जोडलेला निघतो, नाहीतर एखाद्या उपकरणात गळती असते. कूलर हा त्यातला पहिला संशयित.

एसी_दुरुस्ती

वाढीचा हिशेब जुळतो का बघू. फेब्रुवारी ते मे, रोज १०.३ युनिट वाढली.

जुना दीड टन कॉम्प्रेसर चालू असताना १.६ किलोवॅटच्या आसपास घेतो. ७ तासांतला ७० टक्के वेळ चालला तर ८ युनिट. कूलर, पंपासकट २०० वॅट, १० तास: २. पंखे फेब्रुवारीपेक्षा जास्त चालले त्याचं १, फ्रीज गरम खोलीत जास्त चालतो त्याचं अर्धं. गीझर बंद झाला, १ वजा. साडेदहा. जुळलं! मीटरवर खापर फोडायला फारशी जागा नाही.

मला खटकतोय तो फेब्रुवारीचा आकडा. एसी नाही, कूलर नाही, तरी रोज ६? फ्रीज दीड, गीझर एक, दिवे-टीव्ही-पंखे दीड. चार होतात. बाकीचे दोन कुठे गेले ते वर सांगितलेल्या लुकलुकीने शोधा.

आता एसी. इन्व्हर्टर नसलेल्या एसीत २२ ठेवलं की खोली आधी थंड होत नाही. तो तेवढ्याच जोराने चालतो, फक्त बंद व्हायचं नाव घेत नाही. वरच्या मजल्यावर स्लॅब रात्री एक-दोनपर्यंत उष्णता सोडत असतो, तिथे २२ गाठणं म्हणजे कॉम्प्रेसरला सुट्टीच नाही. एका अंशाला साधारण ६ टक्के वीज असा ऊर्जा दक्षता ब्युरोचा ठोकताळा आहे. २६ ठेवा आणि पंखा दोनवर चालवा: रोज ८ चे ६ युनिट. खर्च शून्य.

जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा. पण खरी वीज खातो तो बाहेरच्या युनिटचा मळलेला कॉइल, आणि सर्व्हिसवाला नेमका तोच घाईत उरकतो. कॉम्प्रेसर चालू असताना क्लॅम्प मीटरने अँपिअर मोजून घ्या, धुण्याआधी आणि नंतर. दीड टनाला ७-८ अँपिअर ठीक. बाहेरच्या युनिटवर सावली चालेल, पण समोर अडथळा नको. ग्रीलमध्ये कोंबून ठेवलेला युनिट स्वतःचीच गरम हवा परत ओढतो.

५ स्टार घेण्याबद्दल: २६ वर आणल्यानंतर उरलेल्या ६ युनिटांत तो फार तर एक तृतीयांश वाचवेल, म्हणजे रोज २. शंभर रात्री धरा, २०० युनिट. युनिट १५ रुपयांचं धरलं तरी वर्षाला ३००० रुपये. चाळीस हजारांचा एसी त्यासाठी? सध्याचा कॉम्प्रेसर जाईपर्यंत थांबा, मग जरूर ५ स्टार घ्या.

त्याच्याआधी पंखे बदला. साधा पंखा पाचवर ७० ते ७५ वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा) ३० च्या आत-बाहेर. चार पंखे रोज १२ तास चालले तर २ युनिट वाचतात, आणि आपल्याकडे पंखा आठ-नऊ महिने फिरतो. मात्र जो पंखा नेहमी एक-दोनवरच असतो त्यात फरक कमी, तो शेवटी बदला. बीएलडीसी लावताना भिंतीवरचा रेग्युलेटर काढून वायर थेट जोडायची. रेग्युलेटरवर चालवला की त्याचं सर्किट जातं आणि लोक कंपनीला शिव्या देतात.

ताटीवाला

एसी-कूलरच्या भांडणात एक गोष्ट राहिली. नागपूरच्या कोरड्या मे मध्ये कूलर खरंच एसीच्या जवळ जातो. बाहेर ४४ अंश, आर्द्रता १५ टक्के असेल तर चांगल्या ताटीतून (कूलरच्या बाजूची ओली गवती जाळी) २८-२९ ची हवा येते, तीही २०० वॅटमध्ये. तरी गारवा वाटत नाही, कारण बहुतेक घरात दारं-खिडक्या लावून कूलर चालवतात. हवा बाहेर जायला जागा नसली की खोली दमट होते आणि मग "कूलर काही कामाचा नाही" म्हणून एसी लावतात. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार वीतभर उघडं पाहिजे. आणि कूलर चालू असलेल्या खोलीचं दार उघडं ठेवून बाजूला एसी लावायचा नाही, एसीची अर्धी ताकद तुम्हीच घातलेलं पाणी काढण्यात जाते.

आकाराचं गणित: खोलीचे घनफूट भागिले दोन, तेवढा सीएफएम (कूलर मिनिटाला किती घनफूट हवा फेकतो तो आकडा). १२ बाय १२ बाय १० ला ७२० पुरे.

वाळ्याची ताटी वास छान देते, पण दर हंगामाला बदला. गेल्या वर्षीच्या ताटीत क्षार बसून ती मधून कोरडी राहते आणि तिथून लूच आत येते. ताटी ओली आहे का हे हाताने नाही, उजेड धरून बघा, वरून येणाऱ्या नळीची भोकं बुजली असतील तर पट्टे दिसतात. बोअरचं पाणी असेल तर टाकी तीन-चार दिवसांनी पूर्ण रिकामी करा. नुसतं वरून भरत गेलात तर पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात. आठवड्यातून एकदा टाकी घासून कोरडी करा, नाहीतर डासांची सोय.

आणि हे महत्त्वाचं: पत्र्याचा कूलर, पाण्यातला पंप, ओला फरशीचा कोपरा. विदर्भात दर उन्हाळ्यात शॉकने माणसं जातात. तीन पिनचा प्लग, चालू अर्थिंग, आणि मेनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच पडणारा खटका). पाणी भरताना प्लग काढून, बटण बंद करून नव्हे.

कोकणातून

हे रत्नागिरीला लागू नाही बरं का. इथे हवेत आधीच इतकं पाणी की कूलर फक्त अंग चिकट करतो. आमच्याकडे पंखा, नाहीतर एसी ड्राय मोडवर.

ताटीवाला

बरोबर. आमच्याकडेही जूनच्या मध्यात पाऊस आला की पंप बंद करून नुसता पंखा.

गच्ची_चुना

वरचा मजला म्हणताय आणि गच्चीबद्दल कोणीच बोललं नाही? गच्चीवर चुना मारा. कळीचा चुना १ किलोला साधारण ५ लिटर पाणी, लोखंडी ड्रममध्ये. चुना पाण्यात सोडायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही, उकळी फुटून अंगावर उडतो. डोळ्यांना चष्मा लावाच. २४ तास भिजवून फडक्याने गाळा. दर १० लिटरला ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला. गच्ची झाडून, धुऊन, किंचित ओली असताना दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. पावसात धुऊन जाईल, म्हणून दर मार्चमध्ये मारायचा. पावसाचं पाणी साठवत असाल तर पहिल्या सरींचं सोडून द्या.

हिरवी जाळी बांधायची तर स्लॅबपासून किमान दोन-तीन फूट वर. स्लॅबवर अंथरलेली जाळी काही कामाची नाही. आणि गच्ची सोसायटीची असेल तर आधी विचारा, सोलरचंही तेच. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या सोलरला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, १ किलोवॅटला रोज साधारण ४ युनिट, पण सामाईक गच्चीवर तुमच्या एकट्याचे पॅनल कोणी बसू देत नाही.

टॉपफ्लोअर_नागपूर

मोजलं. मीटर ३२०० चा. मेन बंद केल्यावर दिवा थांबतो, ई/एल पेटत नाही. एसी, कूलर, पंखे, दिवे बंद, फ्रीजचाही प्लग काढला तरी १० लुकलुकींना ९५ सेकंद. म्हणजे ११८ वॅट. इन्व्हर्टरचा एमसीबी पाडला की जवळजवळ थांबतो. लाईट गेलेली नव्हती, सकाळपासून आहे. बॅटरी पाच वर्षांची.

वायरमन_वऱ्हाडी

सापडले ते दोन युनिट. ११० वॅट गुणिले २४ तास, रोज अडीचच्या वर, महिन्याला ७५ च्या पुढे, बाराही महिने. भरलेली बॅटरी १५-२५ वॅटवर शांत बसते. ही भरतच नाहीये, चार्जर तिला ढोसतोय आणि वीज गरमीत जातेय. बॅटरीला हात लावा, एका टोकाला जास्त गरम लागेल.

सहाही झाकणं उघडून पाण्याची पातळी बघा, प्लेटा उघड्या असतील तर डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचं किंवा आरओचं नाही. आठ-दहा तास चार्ज होऊ द्या आणि हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता दाखवणारी नळी) प्रत्येक कप्पा तपासा. १२५० च्या वर सगळे असतील तर वाचली. पाच कप्पे १२४० आणि एक ११५० दाखवत असेल तर तो कप्पा मेलाय, पाणी घालून उठत नाही. जुनी बॅटरी मोडीत देऊनच नवी घ्या, चांगले पैसे वजा होतात. तोवर लाईट जात नसेल तर इन्व्हर्टर बंदच ठेवा. खोलीला हवा येऊ द्या आणि झाकणं उघडी असताना जवळ उदबत्तीसुद्धा नको.

टॉपफ्लोअर_नागपूर

दोन नंबरचा कप्पा ११३०. बाकीचे १२३० च्या आसपास. एसी आजपासून २६ वर.