घरच्या गॅरेजसाठी बाइक लिफ्ट कोणती घ्यावी? डबल स्टँड नाही, काम एकट्याने

तेलकट_हात
मंडळी, सल्ला हवाय. बाइक साधारण १९५ किलोची, डबल स्टँड नाही आणि बसवायची सोयही नाही. आजवर चेन साफ करायची म्हणजे बाइक वीतभर ढकलायची, तेवढ्या कड्यांवर ब्रश मारायचा, परत ढकलायची. आता चाकं काढणं, ब्रेक पॅड बदलणं, जमलंच तर फोर्कचं, म्हणजे पुढच्या शॉकअपचं, तेल बदलणं हे सगळं घरीच करायचं ठरवलंय.

पाहून ठेवलेले पर्याय तीन. मागचं पॅडॉक स्टँड (मागून लावून चाक अधांतरी धरणारा लोखंडी घोडा), इंजिनाखाली सरकवायचा कात्री जॅक आणि ४५० किलो क्षमतेची पायाने पंप करायची टेबल लिफ्ट. गॅरेज एका कारपुरतं आहे आणि फरशीला दाराकडे उतार आहे. पोरं त्याच गॅरेजमधून सायकली काढतात, त्यामुळे बाइक उभी ठेवून मी चहाला गेलो तरी ती उभीच राहिली पाहिजे. काय घेऊ?

कंबरदुखी
टेबल लिफ्ट. डोळे झाकून. जमिनीवर बसून चाक काढायचं वय माझं तरी गेलं.

चिमटा_आणि_पाना
डोळे झाकून नको, उघडे ठेवून. तेलकटराव, एक काम करा. बाइकखाली मोबाइल धरून फोटो काढा आणि खाली नक्की काय दिसतं ते सांगा. किती किलो उचलेल हा प्रश्न सगळेच विचारतात, पण १९५ किलो उचलणं कुठल्याच जॅकला जड नाही. जॅकने बाइकला कुठे धरायचं, हा खरा प्रश्न आहे.

तेलकट_हात
काढला फोटो. चेसिसच्या नळ्या इंजिनाच्या पुढेच संपतात, खालून काहीच जात नाही, इंजिन उघडंच लटकतंय. सायलेन्सरचा बेंड पाइप उजव्या अंगाने खालून गेलाय आणि तो इंजिनाच्या तळापेक्षा दोनेक बोटं खाली आहे. तेल सोडायचा नटही तिथेच.

चिमटा_आणि_पाना
मग कात्री जॅक यादीतून काढा. इंजिनाखालून दोन समांतर नळ्या जातात अशा चेसिसला तो छान बसतो, तुमच्याकडे त्या नाहीतच. जॅकची सपाट पाटी आधी बेंड पाइपला टेकणार, म्हणजे सगळा भार उजव्या बाजूला आणि तोही पातळ पत्र्याच्या नळीवर. मध्ये लाकडाचा ठोकळा घालून जमवतात लोक. मीही जमवला होता.

त्याचीच गोष्ट सांगतो. जॅकवर बाइक चढवली, दोन्ही चाकं अधांतरी, हाताने हलवून पाहिली, पक्की वाटली. मागचं चाक काढलं. चाक, स्प्रॉकेट, डिस्क मिळून बरंच वजन मागून एकदम गेलं आणि तोल पुढे सरकला. बाइक आडवी नाही पडली, सावकाश नाक खाली घातलं तिने. ठोकळा निसटला, जॅकची कड ऑइल सम्पवर, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यावर, आली आणि टक् असा आवाज झाला. सम्पला केसाएवढी चीर. सकाळी फरशीवर तेलाचं थारोळं पाहिलं तेव्हा कळलं. दोष जॅकचा नव्हता. चाक काढण्याआधी मागची बाजू पट्ट्याने वरच्या तुळईला बांधायला हवी होती, ती मी बांधली नव्हती.

उतारावरची_गाडी
बाप रे.

तेलकटराव, फरशीचा उतार तुम्ही एका वाक्यात उरकलात, पण ती मोठी भानगड आहे. फरशीवर गोटी ठेवून बघा. सुटून पळाली तर त्या जागी चाकांवर सरकणारं काहीही उभं करू नका, पॅडॉक स्टँडसुद्धा नाही. जिथे गोटी जागेवर राहते तो चौकोन खडूने आखून घ्या. बहुतेक गॅरेजमध्ये आतल्या भिंतीलगत एवढी जागा निघते. फरशी ठिसूळ किंवा पेव्हर ब्लॉकची असेल तर जाड प्लायवूड टाका, म्हणजे जॅकची बारकी लोखंडी चाकं रुतत नाहीत.

कंबरदुखी
गोटीची युक्ती आवडली. पण टेबलाचं काय? ते एकदा लेव्हल केलं की झालं ना?

चिमटा_आणि_पाना
झालं, पण ते ठेवणार कुठे? पाट दोन मीटरहून लांब, पुढे चाकाचा शिकंजा, मागे रॅम्प, शिवाय चारही बाजूंनी माणूस फिरायला जागा. पूर्ण वर गेलं की पाट पाऊण मीटरवर. त्यावर बाइकचे आरसे मिळवा, दोन मीटरच्या आसपास जातं. गॅरेजचं शटर वर गुंडाळतं तिथला लोखंडी पट्टा टेपने मोजा आधी. आणि त्या टेबलाचंच वजन बाइकच्या आसपास असतं, आज इथे उद्या तिथे असं सरकवता येत नाही.

जागा असेल तर मात्र टेबलासारखं सुख नाही, हे कंबरदुखींचं मान्य. घेताना दोन गोष्टी दुकानातच बघा. मागच्या चाकाखालचा पाटाचा तुकडा निघतो का? नसेल तर मागचं चाक खाली सोडता येत नाही, मग काढणार कसं? आणि लोखंडी लॉक. खटका असो नाहीतर आरपार जाणारी पिन, पण हवंच. हायड्रॉलिक सिलिंडर उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. आतलं रबरी सील म्हातारं झालं की टेबल रात्रभरात गुपचूप खाली येतं. म्हणून हवं तेवढं वर घेतलं की पिन घालायची आणि मग व्हॉल्व्ह किंचित सोडून सगळं वजन त्या पिनेवर बसू द्यायचं. पिन नुसती घालून ठेवली आणि भार सिलिंडरवरच राहिला, तर सील गेल्या दिवशी ते टेबल झटक्याने पिनेवर आदळतं.

नवी_शिकाऊ
सिलिंडरचा विषय निघालाय म्हणून विचारते. माझ्या जॅकमधलं तेल कमी झालंय, ब्रेक ऑइल घातलं तर चालेल का? घरात पडून आहे.

चिमटा_आणि_पाना
अजिबात नको, ताई. जॅकची सीलं खनिज तेलासाठी बनवलेली असतात, नेहमीच्या ब्रेक ऑइलने ती फुगतात आणि मग गळतात. जॅकचंच हायड्रॉलिक तेल आणा. घालून झाल्यावर व्हॉल्व्ह उघडा ठेवून पाच-सात वेळा रिकामा पंप मारा, अडकलेली हवा निघून जाईल.

पट्टेवाला
टेबल घेणाऱ्यांसाठी माझ्याकडून एकच. शिकंजात पुढचं चाक घट्ट बसलं म्हणजे बाइक बांधली गेली असं नाही. दोन रॅचेट पट्टे हवेत, एक डावीकडे एक उजवीकडे, आणि ते हँडलला नाही तर फोर्कच्या खालच्या क्लॅम्पला. हँडलला बांधलं तर ते वाकतं नाहीतर फिरतं. शॉकअप साधारण निम्मा दबेपर्यंत ओढा. पूर्ण दाबून ठेवलात तर फोर्कची सीलं तुमच्या नावाने खडे फोडतील.

तेलकट_हात
टेपने मोजलं. शटरच्या पट्ट्याला आरसे लागतात, चार बोटं कमी पडतात. म्हणजे टेबल पूर्ण वर जाणार नाही, आणि ठेवलं तर सायकली बाहेर. टेबल बाद. मग उरलं पॅडॉक स्टँड. पण ते फक्त मागून उचलतं ना? फोर्कचं काय?

चिमटा_आणि_पाना
दोन स्टँडची जोडी घ्या. मागचं स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या आपल्या चिमट्याला धरणारं. चिमट्याला दोन्ही बाजूंना आटे पाडलेलं भोक आहे का बघा. असेल तर त्याच मापाचे बॉबिन, म्हणजे स्टँडला धरायला बाहेर येणाऱ्या रिळासारख्या खुंट्या, लावा. ६, ८ किंवा १० मिलीमीटरचे असतात, अंदाजाने आणू नका. स्टँडचे आकडे बॉबिनमध्ये अडकले की निसटत नाहीत. भोक नसेल तर चिमट्याखाली टेकणारे रबरी L आकाराचे टेकू मिळतात, पण ते नुसते टेकतात, अडकत नाहीत.

पुढचं स्टँड घेताना फोर्कच्या तळाला टेकणारं नको. ते चाक काढायला ठीक, पण फोर्कच काढायचा झाला तर ज्या फांदीवर बसलोय तीच तोडल्यासारखं. हँडल ज्या उभ्या दांड्यावर फिरतं त्याच्या खालच्या पोकळीत पिन घालून उचलणारं घ्या. पोकळीचा व्यास कॅलिपरने मोजा आणि तेवढीच पिन वापरा. सैल पिन नको.

चढवताना आधी मागचं, मग पुढचं. उतरवताना आधी पुढचं, मग मागचं. यात उलटापालट करायची नाही.

उतारावरची_गाडी
एकट्याने मागचं स्टँड लावताना साइड स्टँडखाली लाकडाची फळी ठेवा. बाइक जवळजवळ सरळ उभी राहते आणि दोन्ही आकडे एकदम बसतात. नाहीतर एक बॉबिन अडकवेपर्यंत दुसरा सुटतो आणि आपण सीटला मिठी मारून बायकोला हाका मारत बसतो. बाइक वर गेली की पुढच्या ब्रेकचा लिव्हर रबराने बांधून टाका.

पट्टेवाला
एक्सलचा, म्हणजे चाकाच्या आसाचा, नट बाइक जमिनीवर असतानाच सैल करा. मागचा नट १०० न्यूटन मीटरच्या आसपास आवळलेला असतो. स्टँडवर चढवून त्याला लांब पान्याने झटका दिला की बाइकलाही झटका. काम झाल्यावर शेवटचं आवळणंही जमिनीवरच.

आणि स्टँड आलं की चेन साफ करताना इंजिन चालू करून गिअर टाकायचा मोह होतो. नका करू. चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये कापडाचं टोक गेलं की मागोमाग बोट जातं, हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. न्यूट्रलवर ठेवून चाक हाताने फिरवा.

तेलकट_हात
दोन्ही स्टँडं आली. चिमट्याला भोकं आहेत, बॉबिन ८ चे लागले. पुढच्या पिनेसाठी हॉर्न खोलून बाजूला करावा लागला, एवढीच कटकट. गोटी आतल्या कोपऱ्यात थांबते, तिथे खडूने चौकोन आखलाय. काल तासभर बाइक दोन्ही स्टँडवर ठेवून समोर स्टूल टाकून बसलो, आधी मागून आणि मग पुढून हलवून पाहिली. हलली नाही. पोरीने विचारलं, बाबा, बाइक आजारी आहे का?

मागचं चाक रविवारी काढणार. एक्सल सरकवताना चाकाखाली फळी घालू का? हातात तोलून धरायला जड जाईल असं वाटतंय.

चिमटा_आणि_पाना
फळी घालाच, चाकाला जेमतेम टेकेल एवढ्याच उंचीची. आणि चाकाच्या दोन्ही बाजूंचे स्पेसर कुठल्या बाजूचा कुठला, त्याचा खोलण्याआधीच फोटो काढून ठेवा.