अपघातानंतर मुलाला शब्द आठवत नाहीत, शाळेला कसं समजवायचं?

नमस्कार मंडळी, मुलगा १० वर्षांचा, पाचवीत. मे महिन्यात सुट्टीत मामाच्या स्कूटरवरून पडला, हेल्मेट नव्हतं, डोक्याला डावीकडे जबर मार, कोमा स्केल, म्हणजे शुद्ध किती आहे त्याचं मोजमाप, ७ (८ किंवा त्याखाली म्हणजे गंभीर, हे तेव्हा कळलं), ११ दिवस आयसीयूत. शुद्धीवर आल्यावरही तीन आठवडे अवाक्षर नाही, मग एके दिवशी सिस्टरकडे बघून "पाणी" म्हणाला आणि पुढे भराभर बोलायला लागला, आम्हाला वाटलं सुटलो.

पण कात्री हवी असली की "ते... कागदाचं... कचकच" आणि बोटांनी करून दाखवतो, शब्द ओठावर येऊन अडतो की चिडतो, रडतो. शाळेतलं काही सांगायला लागला की मधूनच सुरू करतो, कोण, कुठे, कशाचाच पत्ता लागत नाही. परवा आजी म्हणाली दुधाकडे डोळ्यात तेल घालून बघ रे, तर हा खरंच तेलाची बाटली घेऊन आला. आधी हाच सगळ्या वाड्याला कोडी घालायचा हो.

स्पीच थेरपिस्ट म्हणतात की असं होतं, साधं बोलणं लवकर परत येतं पण गोष्ट सलग सांगणं, आडून बोललेलं कळणं, धडा वाचून अर्थ लागणं मागे राहू शकतं, आणि अभ्यास वाढेल तसं ते जास्त दिसेल. दुपारनंतर दमला की फारच अडखळतो. पहिलं अक्षर सांगितलं किंवा "त्याने काय करतात?" विचारून थोडं थांबलं तर बऱ्याचदा शब्द येतो, घरी तेवढंच चाललंय.

शाळेत बाई म्हणतात छान तर बोलतो, लक्षच देत नाही. सवलत हवी तर डिस्लेक्सियाचं (लहानपणापासूनच्या वाचन-लेखनाच्या अडचणीचं) सर्टिफिकेट आणा म्हणे, अहो पण हे डिस्लेक्सिया नाहीच, अपघाताआधी तो धडाधड वाचायचा! २०१६ च्या दिव्यांग कायद्यात वाचा आणि भाषेचा दोष वेगळा दिलाय पण तो कायमस्वरूपी लागतो, आणि याचं तर अजून दर महिन्याला बदलतंय, मग या मधल्या काळात आम्ही कोणता कागद दाखवायचा?

कोणाच्या मुलाला असं झालंय का? पेपरला जास्त वेळ किंवा तोंडी परीक्षा मिळाली का, पत्र न्यूरोवाल्यांचं चाललं की थेरपिस्टचं? वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत (वाचा आणि ऐकण्याच्या दोषांवरची सरकारी संस्था) न्यायचा विचार आहे, तिथे मुलाला दाखवलेलं कोणी असेल तर प्लीज सांगा. सहामाहीत मराठीच्या पेपरात निबंधाचं पान कोरं ठेवून आलाय, वार्षिकच्या आत काहीतरी करायचंय.