अनुभव धागा: क्रोशाने विणलेला लाडका कार्टून दोस्त

सातारा-सांगलीकडच्या क्रोशेवाल्या मंडळींनो, तुम्ही विणलेल्या कार्टूनच्या बाहुल्यांबद्दल इथे लिहा. कोणतं पात्र, कुणासाठी, लोकर कसली, सुई किती नंबरची, आणि हात कुठे अडला. नुसतं 'छान झालं' नको. टाक्यापर्यंत जाऊन लिहा, म्हणजे पुढच्याला उपयोग होईल. सुरुवात मी करते.

शाहूपुरी, सातारा

माझा डोरेमॉन भाच्यासाठी. कार्टूनमधल्या डोरेमॉनची उंची 129.3 सेंटिमीटर, वजन 129.3 किलो, जन्म 3 सप्टेंबर 2112, हे सगळं त्या पोराला तोंडपाठ. त्यामुळे एक मिशी कमी पडली असती तरी चाललं नसतं.

विणायला हे पात्र फार गुणी. डोकं गोल, पोट गोल, हात गोल, शेपटीचं टोक गोल, आणि कान नाहीतच. मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे ओढून बंद होणाऱ्या दोऱ्याच्या वेटोळ्यात, 6 मुके खांब (इंग्रजीत सिंगल क्रोशे) घ्यायचे, पुढच्या फेरीत प्रत्येकात दोन म्हणजे 12, मग 18, 24, 30 असं दर फेरीला 6 वाढवत जायचं. हवा तेवढा घेर आला की वाढ थांबवून सरळ फेऱ्या, आणि शेवटी तशीच सहा-सहाने घट. फेरी जोडायची नाही, गोल गोल चालूच ठेवायची. म्हणून फेरीच्या पहिल्या टाक्यात दुसऱ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवा, नाहीतर मोजणी हरवते. जपानी अमिगुरुमीचा, म्हणजे अशा विणलेल्या बाहुल्यांच्या कलेचा, पाया एवढाच आहे. घट करताना दोन्ही टाक्यांचे फक्त पुढचे पदर उचला, भोक दिसत नाही.

कसोटी लागते ती चेहऱ्याला. निळ्या डोक्यात पांढरा रंग बदलत विणता येतो, पण असे गोल विणताना दर फेरीला टाका जरासा बाजूला सरकतो आणि पांढऱ्याची कड तिरकी जाते. मी पांढरी चकती वेगळी विणून वरून शिवली. डोळे दोन अंडाकृती, एकमेकांना चिकटलेले, आणि त्यांच्या लगेच खाली लाल नाक. डोळ्यांमध्ये अर्ध्या बोटाची फट राहिली तरी समोर भलताच कुणीतरी बसलेला दिसतो! सगळं आधी टाचण्यांनी लावलं, चार पावलं मागे जाऊन पाहिलं, मगच सुईत दोरा ओवला. मिशा तीन-तीन, काळ्या दोऱ्याच्या. गळ्यात लाल पट्टा, पिवळी घंटा. पोटावरचा खिसा वरून उघडा ठेवला, तर भाच्याने त्यात पहिल्यांदा काय घातलं असेल? कंदी पेढा.

गावभाग, सांगली

माझा अनुभव विणण्यापेक्षा नंतरचा आहे. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आमचा तळमजला पाण्याखाली होता, आम्ही मुलाला घेऊन विश्रामबागेत दिरांकडे. पाणी उतरल्यावर घर उघडलं तेव्हा गाळात माझ्या हातचे दोघं सापडले, टॉम आणि जेरी. टॉम आधी केलेला, त्याच्या पोटात गादीचा कापूस. जेरी नंतरचा, त्यात रेक्रॉन, म्हणजे पॉलिस्टरचं भरण.

टॉमच्या आत कापसाचे गच्च गोळे झाले होते, कुबट वास आणि काळी बुरशी. उसवून सगळा कापूस टाकावा लागला. जेरीच्या टाक्याटाक्यात गाळ बसलेला. रिठ्याच्या पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने एकेक फेरी धरून गोल घासत गेले. वरचा तपकिरी रंग निघाला स्वच्छ, पोटाच्या फिकट रंगावर मात्र गाळाची छटा राहिली ती राहिलीच. पिळला अजिबात नाही. टॉवेलात गुंडाळून दाबून दाबून पाणी काढलं आणि गच्चीवर सावलीत आडवा ठेवला. लोकर अ‍ॅक्रिलिक होती, त्यामुळे आटली नाही की ताणली नाही.

घरदार चिखलात असताना खेळण्याचं एवढं काय, असं तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या. पण त्या महिन्यात पोराच्या ओळखीचं दुसरं काही उरलंच नव्हतं. त्याची पुस्तकं गेली, सायकल गेली. जेरी पोहत आला, असं मी त्याला सांगितलं आणि आजही तेच सांगते.

म्हणून हात जोडून सांगते, भरायला कापूस वापरू नका. आणि शेवटची शिवण जरा वेगळ्या छटेच्या दोऱ्याने घाला, म्हणजे कधी उघडायची वेळ आली तर कुठे कापायचं ते लगेच कळतं.

तासगाव

ताई, मी इंजिनिअरिंगला आहे, क्रोशा आत्याकडून शिकलो. पुतणीला पिकाचू हवा होता. रंगांची यादी सोपी: पिवळा, कानांची टोकं काळी, गालावर लाल गोल, पाठीवर दोन तपकिरी पट्टे. घोळ शेपटीवर होतो. पुष्कळ जणांना तिचं टोकही काळं आठवतं. तसं नाहीये, शेपटी पिवळीच असते, फक्त बुडाशी तपकिरी. ती विजेच्या आकाराची उभी राहावी म्हणून दोन सपाट तुकडे विणले, मध्ये जुन्या फाइलचं प्लास्टिक कापून घातलं आणि कडेने मुक्या खांबांनी जोडून टाकले. तार घालू नका. लहान पोरं वाकवतात, मग टोक बाहेर येतं. प्लास्टिकचे कोपरेही कात्रीने गोल करून घ्या.

एसटीत विणत बसलो की लोक बघतात, मग हळूच विचारतात, "आमच्या पोरीला शिकवशील का?" आत्याकडे आता रविवारी तिघी येतात.

दहिवडी, माण

आमच्या माणदेशात मेंढरांना तोटा नाही, म्हणून शॉन द शीप करायचा ठरवला आणि लोकर गावचीच घ्यायची. शेजारच्या धनगर मामांनी कातरणीतली काळी लोकर दिली, मामींनी हातानं सूत कातून दिलं. ती लोकर घोंगडीची. राठ, चिवट, तिला आपला एक वास. 3 मिमीच्या सुईत बसेना, 5 ची घ्यावी लागली. शॉनचं तोंड आणि पाय काळेच असतात, तिथं ती अशी शोभली की विकतची काळी लोकर समोर फिकी वाटावी. अंगासाठी मात्र दुकानातली मऊ पांढरट घेतली आणि प्रत्येक टाक्यात बोटावर फासा सोडत विणलं, म्हणजे कुरळं अंग येतं.

एक ध्यानात ठेवा, गावची लोकर टोचते. तान्ह्या पोराच्या हातात द्यायची ही वस्तू नव्हे. आमचा शॉन फळीवर असतो. मामा येतात, उचलतात, पाय चेपून बघतात. त्यांची लोकर हल्ली फारसं कुणी विचारत नाही, हे त्यांनी पूर्वी बोलून दाखवलेलं. आता पुढच्या कातरणीची लोकर त्यांनी माझ्यासाठी बाजूला ठेवलीय.

मिरज

डोळ्यांबद्दल एवढंच. मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर प्लास्टिकचे सेफ्टी डोळे नकोत, मागची चकती कितीही घट्ट बसलेली असो. टाके सैल पडले की डोळा चकतीसकट बाहेर येतो आणि मूल तो तोंडात घालतं. काळ्या दोऱ्याने भरून काढा. आणि पांढऱ्या दोऱ्याचा एक बारीक टाका वरच्या कोपऱ्यात घाला, नजर जिवंत होते.

वाई

आजी सांगतेय, मी नात लिहितेय. आजीने आयुष्यभर क्रोशाची तोरणं, रुमाल आणि थालपोश केले. कार्टून कधी पाहिलं नव्हतं. माझ्या धाकट्या भावासाठी छोटा भीम करायचा म्हणून ती दुपारी त्याच्याशेजारी टीव्हीपुढे बसली, चष्मा पुसून पुसून बघत. कागदावरचा नमुना तिला नको होता. तिची जुनी स्टीलची सुई, सुती दोरा, आणि मोजणी मनातल्या मनात. केशरी धोतर विणून चिकटवलेलं नाही. वेगळं विणलं आणि खरोखर नेसवलंय, निऱ्यांसकट. आजीचं म्हणणं असं: "अंगाला धोतर शिवून टाकलं तर पोराला नेसवायला काय उरलं?" लाडू तिने सगळ्यात आधी केला. 6, 12, 12, 6, झाला लाडू. आता तिला चुटकी करायचीय.

कऱ्हाड

दोन शंका आहेत. अशी खेळणी करून विकायला ठेवली तर चालतील का? आणि माझ्या डोरेमॉनचं डोकं एका बाजूला कलतंय, काय करू?

शाहूपुरी, सातारा

पहिल्याचं उत्तर: घरच्यांसाठी करा, भेट द्या. विकायचं म्हटलं की ही पात्रं ज्यांच्या मालकीची, त्यांची परवानगी लागते. नमुना दुसऱ्या कुणाचा असेल तर त्यावर लिहिलेल्या अटीही वाचा. विक्रीच करायची तर आपल्या मनातलं पात्र काढा. माणदेशी मेंढरू घ्या, कुणाला विचारावं लागत नाही.

मानेचं म्हणाल तर डोकं आणि धड 12 टाक्यांवर जोडलं असेल, ते डोक्याच्या वजनाला अरुंद पडतं. दोन्हीकडे 18 टाके असताना थांबा. मानेच्या जागी रेक्रॉन इतकं ठासून भरा की बोट आत जाता कामा नये, आणि शिवण दोनदा फिरवा, दुसऱ्यांदा उलट दिशेने. जे झालंय ते उसवायची गरज नाही. लाल पट्टा काढून त्याच्याखाली आणखी एक शिवण घाला, पट्टा परत बांधला की ती झाकली जाईल. झालं की फोटो टाका.