'चांदीची खाण', 'धातुक' आणि 'खाण संपणे' : अर्थ व वापर

प्रश्न : सोडून दिलेल्या एका खाणीच्या भूवैज्ञानिक वर्णनाचा मराठी अनुवाद करीत आहे. मूळ मजकुरात तिला शिसे, चांदी आणि सोने या तिन्ही धातूंची खाण म्हटले आहे. 'खनिज', 'धातुक' आणि 'कच्चा धातू' हे शब्द मराठीत एकमेकांच्या जागी सर्रास वापरलेले आढळतात, त्यामुळे नेमका कोणता कुठे योजावा हे कळत नाही. शिवाय अशा खाणीत चांदीचे धातुक वेगळे आणि शिशाचे वेगळे असते काय, आणि खाण बंद झाल्यावर आत उरलेल्या दगडाला 'धातुक' म्हणावे काय?

उत्तर : शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण बाकीचा गुंता तिथेच आहे. 'खनिज' ही निसर्गाने ठरविलेली गोष्ट आहे : ठराविक रासायनिक संघटन आणि ठराविक स्फटिकरचना. गॅलेना हे शिशाचे सल्फाइड (गंधकाशी झालेले संयुग) खाण चालू असताना जसे गॅलेना असते तसेच ती पाण्याने भरल्यावरही असते. 'धातुक' मात्र भूविज्ञानातला शब्द वाटला तरी त्याचा अर्थ जमाखर्चाच्या वहीत ठरतो. ज्या दगडातून धातू काढणे परवडते तो धातुक, आणि भाव उतरले की तोच दगड निव्वळ दगड. अमेरिकेतील नेवाडाच्या कॉमस्टॉक शिरेवर (शीर म्हणजे खडकाच्या भेगेत भरलेला खनिजांचा पट्टा) सोने शोधणारे लोक निळसर काळ्या, जड गाळाला कंटाळून तो बाजूला फेकत असत. 1859 साली त्याची परीक्षा झाली, तेव्हा त्यात भरपूर चांदी असल्याचे कळले. गाळ तोच होता, पण एका दिवसात त्याचे नाव बदलले. म्हणून बंद खाणीत उरलेल्या दगडाला नुसते 'धातुक' न म्हणता 'खनिजयुक्त शीर' किंवा 'गॅलेनायुक्त दगड' म्हणावे. 'कच्चा धातू' हा प्रयोग मी तरी टाळतो, कारण त्यातून धातू तयारच आहे आणि फक्त पिकायचा राहिला आहे असा भास होतो.

आता चांदी. 'चांदीची खाण' हे बहुतेक वेळा व्यापारी नाव असते. अशा खाणींतले मुख्य खनिज पुष्कळदा गॅलेना असते आणि त्यात वजनाने सुमारे 86.6 टक्के शिसे असते. चांदी त्या स्फटिकात पाहुण्यासारखी राहते : कधी शिशाच्या दोन अणूंच्या जागी चांदीचा एक आणि अँटिमनीचा किंवा बिस्मथचा एक अणू बसतो, तर कधी टेट्राहेड्राइटसारख्या खनिजाचे सूक्ष्म कण आत अडकलेले असतात. प्रमाण सहसा शेकडा एकाच्याही आत असते, तरी किंमत तीच ठरविते. त्यामुळे येथे 'चांदीचे धातुक' वेगळे नसते. 'चांदीयुक्त गॅलेना' हेच अचूक वर्णन होय. सोन्याचे तसे नाही. ते गॅलेनाच्या शेजारी गारेत (क्वार्ट्झमध्ये) किंवा पायराइट या लोहाच्या सल्फाइडमध्ये बारीक कणांच्या रूपात असते, आणि त्यात पाचव्या हिश्श्याहून अधिक चांदी मिसळलेली असेल तर त्याला इलेक्ट्रम म्हणतात.

या संदर्भात मराठीतला एक विसरला गेलेला शब्द नोंदवावासा वाटतो. चांदीयुक्त शिसे हाडांच्या राखेच्या मुशीत तापवून त्यावर हवा खेळविली की शिशाचे ऑक्साइड होते, ते राखेत शोषले जाते किंवा वरून काढून टाकले जाते, आणि चांदी मागे उरते. ते ऑक्साइड म्हणजेच आपले मुरदाडशिंग. 'कस' या शब्दाचाही असाच दुहेरी संसार आहे : सोनाराचा कस शुद्धता सांगतो, तर खनिजविज्ञानातला कस म्हणजे खनिजाच्या चूर्णाचा रंग. गॅलेनाचा कस करडा असतो, असे लिहिले तर त्यात प्रतीबद्दल काहीच म्हटलेले नसते.

शंका : 'शीर' ऐवजी 'थर' म्हटले तर काय बिघडते? वाचकाला थर चटकन कळतो.

उत्तर : थर साचतो, शीर भरते. खडकाला भेग पडते, बहुधा विभंगाच्या, म्हणजे खडक तुटून सरकल्याच्या, रेषेवर, आणि तिच्यातून खारट तप्त पाणी वर चढते. त्या पाण्यात शिसे प्रामुख्याने क्लोराइडाच्या आधाराने आणि सोने पुष्कळदा गंधकाच्या आधाराने विरघळलेले असते. उथळ भागात दाब कमी होऊन पाणी उकळले की गंधकयुक्त वायू निसटतो, सोन्याचा आधार सुटतो आणि ते तिथेच बसते. शिसे पाणी थंड वा विरळ होताना, अनेकदा त्याहून खाली, साठते. 'थर' म्हटले की हा सारा उभा प्रवास आडवा होतो.

याच रचनेमुळे 'खाण संपली' हे वाक्यही सावधपणे लिहावे लागते. भूपृष्ठाजवळ हवा आणि पाणी सल्फाइडे कुजवितात, वर गंजासारखी लोहाची टोपी उरते, तिच्यात सोने मोकळे होते आणि काही चांदी झिरपून भूजलपातळीच्या आसपास पुन्हा साठते. खाणकामाला पहिल्यांदा हा श्रीमंत भाग लागतो. खाली गेल्यावर सोने विरळ होते, शिसे व जस्त वाढते, पाणी उपसण्याचा खर्च चढतो आणि काम थांबते. शीर मात्र तशीच खाली गेलेली असू शकते. तेव्हा 'संपली' म्हणावे ते शीर खरोखर निमुळती होऊन नाहीशी झाली असेल तरच. एरवी 'बंद पडली' किंवा 'सोडून दिली'. 'परित्यक्त' चूक नाही, पण तो शब्द खाणीपेक्षा न्यायालयात अधिक शोभतो.

शंका : आणि बाहेरचे ढीग? त्यांना 'कचरा' म्हणता येईल काय?

उत्तर : फोडून टाकलेला दगड आणि भट्टीतून निघालेली मळी हे दोन ढीग आधी वेगळे करावेत. 'कचरा' मात्र दोहोंनाही जपून म्हणावे. प्राचीन अथेन्सला चांदी पुरविणाऱ्या लॉरियनच्या खाणींवरची मळी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिशासाठी पुन्हा वितळविली गेली, आणि तिथल्या जुन्या ढिगांच्या मालकीवरून ग्रीसमध्ये मोठा राजकीय वादही झाला.