मदत हवी आहे: सोनोग्राफी नॉर्मल, दुखणं तसंच. डॉक्टरांना पटवायचं कसं?

चिंचबोरं | सोमवार, रात्री ११:४२
थेट मुद्द्यावर येते. पाळीत पोट असं दुखतं की दोन दिवस सरळ उभं राहवत नाही. आता तर पाळीच्या आधीच पाच-सहा दिवस सुरू होतं. तीन डॉक्टर झाले. तिघांचं एकच, "रिपोर्ट नॉर्मल आहे, मनावर घेऊ नका." शेवटच्यांनी झोपेची गोळी लिहून दिली. मला झोप येते हो, पोटाचं काय?

सांगली-मिरज-कोल्हापूर भागात ऐकून घेणारे डॉक्टर कोणाला माहीत आहेत का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल. आणि ऐकत नसतील तर त्यांच्यापुढे नेमकं काय बोलायचं तेही सांगा. पुढच्या आठवड्यात तारीख आहे, त्याच्या आत काहीतरी करायचंय. कृपया "योगा करा" सांगू नका, करून झालाय.

दगडफूल | सोमवार, रात्री ११:५८
वय? किती वर्षांपासून? रक्तस्राव किती? हिमोग्लोबिन? सोनोग्राफी कधी केली? एवढ्याशा माहितीवर काय सांगणार कोणी.

खुशालचेंडू | मंगळवार, सकाळी ६:१०
योगा नव्हे, योग. बाकी चालू द्या.

सोलापुरी_चादर | मंगळवार, सकाळी ७:२५
ओवा आणि शेपा तव्यावर भाजून, कपभर पाण्यात अर्धा कप होईस्तोवर उकळायचं, वर गूळ. पाळीच्या आठ दिवस आधीपासून. माझ्या दोन्ही मुलींना गुण आला. थंड पाणी, दही बंद. वजन जास्त आहे का? आजकाल सगळ्या मुलींना पीसीओडी असतं. त्यावर दालचिनीचं पाणी.

चिंचबोरं | मंगळवार, दुपारी १:१५
जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. वय ३२. दहावीपासून दुखतं, चार वर्षांत फार वाढलं. हिमोग्लोबिन ९.२. लोहाच्या गोळ्या चालू आहेत. पहिले दोन दिवस गाठी पडतात, दीड-दोन तासांत पॅड बदलावं लागतं. पाळी दर २६ दिवसांनी, अगदी वेळेवर. काकू, वजन ४९ किलो आहे, पीसीओडी नाही, ते आधीच तपासलंय. काढा घेऊन बघितलाय, पोटाला बरं वाटतं एवढंच.

सोनोग्राफी दोनदा झाली. लिटरभर पाणी पिऊन दीड तास बाकड्यावर बसवलं, आत जाऊन पाच मिनिटांत बाहेर. दोन्ही नॉर्मल.

पतसंस्थेत कॅशला आहे. काउंटर सोडून उठता येत नाही. ओढणीखाली शेकाची पिशवी ठेवून नोटा मोजते.

तिरफळ | मंगळवार, दुपारी १:४०
लिटरभर पाणी पाजलं म्हणजे पोटावरून केलेली सोनोग्राफी. आतून, म्हणजे योनीमार्गातून, केली नाही का?

चिंचबोरं | मंगळवार, दुपारी १:४४
नाही. त्यांनी आधीच विचारलं, लग्न झालंय का. नाही म्हटल्यावर म्हणाले, मग पोटावरूनच.

तिरफळ | मंगळवार, दुपारी २:३०
अगं मग हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं ना! सगळी मेख तिथेच आहे.

माझंही हेच झालं. वय वर्षं १७ ते २८, अकरा वर्षं. "पाळी म्हटली की दुखणारच", "एक मूल झालं की बघ कसं थांबतं", सगळं ऐकून झालं. लग्नानंतर पहिल्यांदा आतून सोनोग्राफी झाली आणि डाव्या बीजकोशात पाच सेंटीमीटरची गाठ निघाली. जुन्या रक्ताने भरलेली, चॉकलेट सिस्ट म्हणतात ती. एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाच्या बाहेर, बीजकोशावर, आतड्यावर, कुठेही चिकटून बसतात आणि दर महिन्याला सुजतात. २०१९ मध्ये दुर्बिणीतून ऑपरेशन झालं.

तुला तेच आहे असं म्हणत नाही. पण एक विचारते, उत्तर इथे नको असेल तर व्यनि कर. त्या दिवसांत शौचाला जाताना दुखतं का?

सुमन_कुलकर्णी_६१ | मंगळवार, दुपारी ४:०५
मी ४३व्या वर्षी पिशवी काढून टाकली. तेव्हापासून सुखी. उगीच या गोळ्या त्या गोळ्या करत बसण्यापेक्षा एकदाचं मोकळं व्हावं. कसला त्रास नाही, काही नाही.

करवंद | मंगळवार, दुपारी ४:२०
मावशी, मुलगी ३२ वर्षांची आहे! बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या ते विसरलात का? २०१९ मध्ये नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली होती. पाळीत खाडा पडला की मुकादम पैसे कापणार, म्हणून विशी-तिशीतल्या बायका ऑपरेशनच्या टेबलावर. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं की गरज नसताना गर्भाशय काढू नये म्हणून केंद्राने केलेल्या सूचना तीन महिन्यांत लागू करा. आणि इथे कोणी विचारलेलंही नसताना "काढून टाका"?

सुमन_कुलकर्णी_६१ | मंगळवार, दुपारी ४:४८
मी माझा अनुभव सांगितला. माझ्या पिशवीत फायब्रॉइड म्हणजे गाठी होत्या, गरज होती म्हणूनच काढली. बीडचं मला शिकवू नका, माझं माहेर माजलगावचं आहे.

तिरफळ | मंगळवार, सायंकाळी ५:१०
तुमच्या बाबतीत बरोबरच असेल सुमनताई. पण एंडोमेट्रिओसिस गर्भाशयाच्या बाहेर असतं. नुसती पिशवी काढून बाहेरचं तसंच ठेवलं तर दुखणं राहू शकतं.

चिंचबोरं | मंगळवार, रात्री १०:५०
तिरफळताई, इथेच लिहिते, आता लाजून काय करू. हो, दुखतं. सुरी फिरवल्यासारखं. त्या दोन दिवसांत संडासला जायचीच भीती वाटते, म्हणून मी जेवतच नाही. एरवी काही नाही. मागच्या वर्षी पोटाच्या डॉक्टरांनी आयबीएस (आतड्याचा त्रास) म्हणून सहा महिने औषध दिलं.

पाळीच्या डॉक्टरांना हे कधी सांगितलंच नाही. त्यांनी विचारलं नाही, आणि आई शेजारी बसलेली असते. मी तोंड उघडायच्या आत तीच सांगते, "हिला लहानपणापासून सहन होत नाही, नाजूकच आहे."

ओपीडी_नंबर_तीन | मंगळवार, रात्री ११:३५
मी डॉक्टर आहे. मंचावर निदान करत नसतो, तरी धागा ज्या दिशेला गेलाय ती चुकीची नाही.

पोटावरून केलेली सोनोग्राफी नॉर्मल आली याचा अर्थ मोठी गाठ दिसली नाही, इतकाच. गर्भाशयाच्या मागे, आतड्याला चिकटलेलं काही असेल तर ते तिच्यात बहुधा दिसतच नाही. आतून केलेली जास्त भरवशाची, तीही करणाऱ्याला नेमकं काय शोधायचं ते ठाऊक असेल तर. गर्भाशयाच्या भिंतीतच हा प्रकार होतो, ॲडिनोमायोसिस, त्यात रक्तस्राव जास्त असतो. तेही बघायला सांगा.

लग्नाचं म्हणाल तर आपल्याकडे "लग्न झालंय का" हा प्रश्न "शरीरसंबंध आलेत का" या अर्थाने विचारतात, कारण दुसरं विचारायला डॉक्टरच लाजतो. प्रश्न लग्नाचा नाही, तुमच्या संमतीचा आहे. आतून करायची नसेल तर गुदमार्गे सोनोग्राफी होते, एमआरआय होतो. "लग्न नाही म्हणून तपासणी नाही" हे उत्तर होऊ शकत नाही.

एमआरआय स्वच्छ आला तरी वरवरचे ठिपके त्यात सुटतात. पूर्वी दुर्बीण घातल्याशिवाय निदान नाही असं मानत. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी ते बदललं. लक्षणं जुळत असतील तर ऑपरेशनआधीच औषध सुरू करून बघता येतं. सीए-१२५ नावाची रक्ततपासणी कोणी लिहून दिली तर निदानासाठी तिचा उपयोग नाही, पैसे वाचवा. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा किती ते सांगणारी तपासणी, मात्र करून घ्या.

तासाला एक पॅड असं सलग दोन-तीन तास भिजत असेल, भोवळ येत असेल किंवा ताप असेल तर धागा बंद करून सरळ दवाखाना गाठा.

लीड्सची_लेक | बुधवार, पहाटे ३:०२
इकडे सगळं आलबेल आहे असं समजू नका हां. इंग्लंडमध्येही या आजाराच्या निदानाला सरासरी आठ-नऊ वर्षं लागतात. मला तर जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, चार वेळा पॅरासिटामॉलवर परत पाठवलं. शेवटी मी एक युक्ती केली. "ही तपासणी गरजेची नाही असं तुमचं मत माझ्या नोंदीत लिहा" म्हटलं. पुढच्या आठवड्यात तज्ज्ञाकडे जायचं रेफरल आलं!

दगडफूल | बुधवार, सकाळी ९:१५
लीड्समध्ये चालतं ते सांगलीत चालायचं नाही. इथे असं म्हटलंत की डॉक्टर म्हणणार, मग दुसरीकडे दाखवा.

करवंद | बुधवार, सकाळी ९:४०
का चालायचं नाही? कागद मागणं हा हक्क आहे. मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्यायच्या, हे डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत आहे. तपासताना बाईमाणूस हजर हवं, दुसरं मत घेताना आडकाठी नको, हे सगळं रुग्णहक्कांच्या सनदेत आहे. आपणच मागत नाही म्हणून त्यांचं फावतं.

ओपीडी_नंबर_तीन | बुधवार, दुपारी २:२०
करवंद यांचं कायद्याने बरोबर. पण पन्नास पेशंट बाहेर बसलेले असताना नियम दाखवलात की समोरचा माणूस कान मिटतो, मीही मिटेन. त्यापेक्षा विचारा, "डॉक्टर, आणखी काय असू शकतं? आणि ते नाही हे कशावरून ठरवता येईल?" याचं उत्तर द्यायला विचार करावा लागतो.

आणि एकच कागद न्या. फाइल नको. किती वर्षं, महिन्यातले कुठले दिवस, दिवसाला किती पॅड, शौचाला दुखतं ते, किती रजा पडल्या, कुठली गोळी घेऊन काय झालं. "खूप दुखतं" सगळेच म्हणतात. "चार महिन्यांत सात रजा" कोणी म्हणत नाही. आईंना बाहेर बसवा, प्रेमाने.

सोलापुरी_चादर | बुधवार, दुपारी ३:००
गोळी कुठली घेते? मेफ्टाल असेल तर ताबडतोब बंद कर. सरकारनेच धोक्याचा इशारा दिलाय, व्हॉट्सॲपवर आलं होतं.

ओपीडी_नंबर_तीन | बुधवार, दुपारी ३:३५
इशारा खरा आहे, २०२३ च्या अखेरीचा. क्वचित कोणाला त्या औषधाची जबर रिॲक्शन येते, अंगावर पुरळ, ताप. तसं झालं तर बंद करून दाखवायचं. म्हणून सगळ्यांनी टाकून द्या असं नाही. उपाशीपोटी मात्र घेऊ नका. चिंचबोरं, तुम्ही त्या दिवसांत जेवत नाही म्हणालात.

चिंचबोरं | बुधवार, रात्री ९:३०
हो, उपाशीपोटीच घेते. आणि दुखणं कळसाला गेल्यावर घेते, कारण आई म्हणते सवय लागेल.

कागद लिहायला घेतला. लिहिता लिहिता कळलं की वर्षभरात १९ रजा झाल्यात. मॅनेजरना दर वेळी "पित्त झालंय" सांगते. ऑफिसात सगळे मला पित्ताचे उपाय सांगतात.

एक विचारायचं राहिलं. शेकाच्या पिशवीने पोटावर जाळीसारखे तपकिरी डाग पडलेत, जात नाहीत. ते वेगळं काही आहे का?

ओपीडी_नंबर_तीन | बुधवार, रात्री १०:१०
सतत शेक घेतला की तसे डाग पडतात. पिशवीला जाड फडकं गुंडाळा. आणि ते डाग डॉक्टरांना दाखवा. तेवढा शेक हौसेने कोणी घेत नाही.

खुशालचेंडू | गुरुवार, सकाळी ६:०५
पिशवी म्हणजे गर्भाशय की शेकाची? काही प्रतिसाद वाचून गोंधळ उडतोय.

तिरफळ | गुरुवार, सकाळी ११:००
चिंचबोरं, मिरजेचं एक नाव व्यनि केलंय. माझ्या नणंदेला तिथे दाखवलं होतं. फोनवर वेळ घेतानाच सांग की पाळीतलं दुखणं आहे, जुनं आहे, जरा वेळ लागेल.

दगडफूल | तीन आठवड्यांनी, रविवार
धागा वर काढतोय. काय झालं पुढे? लोक मदत मागतात आणि गायब होतात.

चिंचबोरं | रविवार, दुपारी १२:२०
गायब नाही, ऑडिट होतं.

मिरजेला जाऊन आले. आईला आधीच सांगितलं होतं, तू बाहेर बस. रागावली, पण बसली. डॉक्टर बाईंनी कागद हातात घेतला, पूर्ण वाचला. शौचाला दुखतं त्या ओळीवर पेनाचं टोक ठेवून विचारलं, "हे पाळीतच की एरवीही?" पाळीतच म्हटलं. मग पोटावरचे डाग बघितले आणि म्हणाल्या, "केव्हापासून असंच चालवताय?" मला तिथेच रडू फुटलं. जे ठरवून गेले होते त्यातलं निम्मं बोललेच नाही.

नीट समजावून आतून तपासू का विचारलं. मी नको म्हटलं, तर एमआरआय लिहून दिला. गर्भाशयाची मागची बाजू आणि आतडं खास बघा, असं चिठ्ठीवरच लिहिलंय. फेरिटिन ६ आलं. रिपोर्ट आल्यावर डायनोजेस्ट या हार्मोनच्या गोळीचा विचार करू म्हणाल्या. तिरफळताई, तू तेच घेतेस ना? अंगावरून थोडं थोडं जात राहतं का?

बाहेर आल्यावर आईने विचारलं, काय म्हणाल्या. म्हटलं, नाजूक नाहीये म्हणाल्या. तसं त्या म्हणाल्या नव्हत्या. येताना एसटीत आई स्टँडपर्यंत गप्प होती.

एमआरआय मंगळवारी आहे.

तिरफळ | रविवार, दुपारी १२:५५
पहिले तीन-चार महिने जातं थोडं थोडं, मग माझी पाळीच बंद झाली. मूडचा त्रास मला झाला, नणंदेला अजिबात नाही. सविस्तर व्यनि करते.

खुशालचेंडू | रविवार, दुपारी १:३०
छान झालं. एमआरआयला जाताना मंगळसूत्र, जोडवी, साडीच्या पिना सगळं घरीच काढून ठेवा. आमच्या हिची जोडवी निघेनात, अर्धा तास साबण लावत बसलो होतो.

चिंचबोरं | रविवार, दुपारी १:३४
काका, लग्न झालेलं नाही. अर्धा धागा त्यावरच आहे.

खुशालचेंडू | रविवार, दुपारी १:५०
अरे हो की. मग पिना तेवढ्या.